रस्त्यापलीकडचं आवतण

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
२ एप्रिल २०२५

पुंडलिक,

हे पत्र चांदणीच्या डब्याच्या पिशवीत टाकतोय. तुझी सून रोज आमच्याकडे पोळीभाजीचा डबा आणते, आता टपालखातंही तिच्याच गळ्यात. हसू नकोस. रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे राहणारे दोन म्हातारे एकमेकांना पत्रं लिहितात म्हटल्यावर लोक वेड्यात काढतील. पण फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडलो की आतून उर्मिला ओरडते, आणि खाली हॉर्न तर अखंड चालूच. मग करू काय?

तू चांदणीला विचारलंस म्हणे, सुभाष संध्याकाळी ओट्यावर का येत नाही, आजारी आहे का. आजारी नाही रे बाबा. घाबरलोय. आता लपवण्यात काय अर्थ आहे? महिपत गेला त्या दिवसापासून माझा पाय त्या रस्त्यात पडत नाही. मी बाल्कनीत उभा होतो तेव्हा. तुमच्या गल्लीतून तो निघाला, हातात दुधाची पिशवी, आणि चार पावलंही झाली नसतील... जाऊ दे. तुझा चुलतभाऊ तो, तुला मी काय सांगू. त्याला उचलून नेल्यावरही ती पिशवी तिथेच पडली होती आणि गाड्या तिच्यावरून जात होत्या. एकाही गाडीचा वेग कमी झाला नव्हता.

रस्ता रुंद झाला तेव्हा वाटलं, चला, धूळ गेली. मग गावदेवीच्या देवळासमोरचा दुभाजकातला कट, आपण ओलांडायचो तो, बंद केला. फूटपाथ गेला. करंजाची झाडं गेली. पादचारी पूल बांधलाय तो कुठे, तर पार सिग्नलपाशी, आणि त्याचा जिना तुझे-माझे गुडघे चढतील तर शपथ! रिक्षावाल्याला विचारलं तर बोलतो, "चाचा, सामने ही तो है, चल के जाओ ना." अरे, चल के जाता आलं असतं तर तुझ्या पाया पडलो असतो का? एखादा तयार झालाच तर तो काशीमीऱ्याच्या बाजूने ट्रकांमधून वळसा घालतो, आणि मी मागे दांडा धरून रामरक्षा म्हणत बसतो.

एकच सांगणं आहे. तू ते हात वर करून, इकडे-तिकडे न बघता चालत सुटतोस ना, ते बंद कर. मी वरून बघत असतो. देव पाण्यात घालून बसावं लागतं मला.

रंभावहिनींना नमस्कार.

सुभाष


५ एप्रिल

सुभाषा,

तुझा कागद मिळाला. रंभाला वाचून दाखवला. ती पयली हसली नि मंग पदर डोळ्याला लावला. महिपतच्या नावानं मना पन घास गिळवत न्हाय. दोघं एका ताटात जेवलेलो आमी. पन म्हनून काय घरात कोंडून घेऊ?

जल्ला तो रस्ता कोनाचा हाय? तू भाईंदरला आलास तवा तिथं आमचं मिठागर बघितलंस ना? आता दुभाजक हाय तिथं आमचा मोठा बांध व्हता. बाबा डोक्यावर मिठाची पाटी घेऊन त्याच्यावरनं चालायचा, मी मागनं. मी माझ्या बांधावरनं जातो. थांबायचं त्यांनी. थांबतात पन. शिव्या देतात, देऊ दे. शिव्यांनी कोन मेलंय?

आता खुशीची गोष्ट ऐक. आपल्या नातवाचं, हृतिकचं लगीन ठरलं! पोरगी वसईची हाय, बँकेत कामाला. हळद दहा मेला, लगीन दुसऱ्या दिवशी. पयलं आवतन गावदेवीला नि दुसरं तुझ्या घरला. ज्या घराशी पानी दिलं-घेतलं त्याला मान, ही आमच्या घराची रीत. तुमची बिल्डिंग नवीन व्हती, नळाला पानी न्हवतं, तू नि उर्मिलावयनी कळशा घेऊन आमच्या विहिरीवर आलात. आठवतं? तुला कळशी धरता येत न्हवती, निम्मं पानी पायावर.

आखातीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, आवतन घेऊन मी येतो. वयनीला बोल चा टाकून ठेव. तुला भित्रा बोलनार न्हाय, पन हायेस.

पुंडलिक


९ एप्रिल

पुंडलिक,

अरे वा! हृतिकचं लग्न! उर्मिलाने लगेच देवापुढे साखर ठेवली. काल-परवापर्यंत आमच्या कंपाउंडात क्रिकेट खेळून काचा फोडायचा तो पोरगा. आता काचा फोडायलाही जागा नाही म्हणा. मीटिंगमध्ये बहुमताने ठराव झाला आणि आपण बसायचो ते बाकडं काढून तिथे पार्किंगचे पट्टे मारले. आमच्या लेकाची, यतीनची गाडी तिथेच असते. तो पुण्याला, गाडी इथे, झाकण घालून. मी तिला रोज शिव्या देतो, पण ती तुझ्यासारखीच, ऐकू येत नाही.

आता कामाचं. आवतण पोचलं. समजलास? मी आणि उर्मिला हळदीला येणार, लग्नाला येणार, पंगतीत आग्रह करून घेणार. तू यायची काही गरज नाही. पत्रिका चांदणीकडे दे. सगळे हल्ली व्हॉट्सअॅपवर आवतण देतात, देव कोपला असं ऐकलं नाही.

मी चेष्टा करतोय असं वाटत असेल तर नीट वाच. मला खरंच भीती वाटते. सकाळी उठल्याबरोबर आधी बाल्कनीत जाऊन तू तुमच्या ओट्यावर दिसतोस का ते बघतो, मग तोंड धुतो. त्यात हा उन्हाळा. पूर्वी दुपार कलली की खाडीवरचा वारा यायचा, जेसल पार्कपासून इथपर्यंत पडदे हलायचे. आता वाऱ्याआधी रस्त्याची धग येते. दिवसभर तापलेलं ते सिमेंट, रात्रीही हात लावला तर कोमट. खिडकी उघडली तर आवाज आणि धूळ, लावली तर भट्टी. उर्मिला म्हणते, आपण इथे राहतोय का शिजतोय?

तू येऊ नकोस. माझी शपथ आहे.

सुभाष


१४ एप्रिल

सुभाषा,

शपथा बायका घालतात. तू कशाला घालतोस?

सुनेच्या हातनं पाठवलं त्याला आवतन न्हाय, निरोप बोलतात. आवतन घरच्या म्हाताऱ्यानं द्यायचं. देवीच्या पायाशी अक्षता ठेवायच्या, उचलायच्या, नि देवळातनं नीट त्या घरला जायचं. अनवानी. वाटेत कोनाशी बोलायचं न्हाय नि वाहनात बसायचं न्हाय. माझ्या लग्नात बाबा असाच भाईंदर ते उत्तन गेला, मावशीच्या घरला. त्याचे पाय फुटले, पन मावशी बोलली, माझा मान राखला. मी तर नुसता रस्ता ओलांडनार. रंभा पन बोलते, उन्हाचं नको. पन आरती दुपारी व्हते त्याला मी काय करू? देवीला बोलू का, बाय, सकाळी जेव, आमच्या सुभाषला धग लागते?

हृतिक बोलला, आजोबा, मी गाडीनं सोडतो. त्याला पन बोललो, गाडी तुझी, रीत माझी.

एक गोष्ट मना लागली. मी इतकी वर्सं तुला माझ्या घरचा समजलो, नि तू बोलतोस गरज न्हाय. गरज कशाला पायजे? मी येतोय ते गरजेसाठी न्हाय येत.

आखातीला, आरती झाल्यावर.

पुंडलिक


२५ एप्रिल

प्रिय पुंडलिक,

घाईत लिहितोय. आम्हाला उद्या अचानक यतीनकडे पुण्याला जावं लागतंय. त्याची तब्येत जरा बरी नाही, काळजीचं काही नाही, पण सूनबाई माहेरी गेलीय आणि त्याला घरचं खायला लागतं, तुला माहीतच आहे. त्यामुळे आखातीला आमचं दार बंद असेल. कुलूप. शेजारीही नाहीत, तेही गावाला गेलेत. आम्ही थेट हळदीलाच येऊ. म्हणजे तू येण्यात काही हशील नाही, उगाच उन्हातान्हात हेलपाटा. बंद दाराला कसलं आवतण?

चांदणीला सांग, तोवर डबा बंद. गैरसमज नसावा.

तुझा,
सुभाष


२ मे

सुभाष,

हा कागद चांदणी तुझ्या दाराखालनं सारनार हाय. तू वाचशील. तू घरात हायेस ते मना ठावं हाय.

बंद दाराला पन आवतन देतात. उंबऱ्यावर अक्षता ठेवायच्या, घरचा मानूस परत आला का त्याच्या हाताला लागतात. ते तुला सांगायचं ऱ्हायलं. आखातीला आरती झाली नि मी निघालो. तुझ्याकडं येताना कायच न्हाय झालं. चालत आलो. तुमचा वॉचमन बोलला, "बाबा, जाओ ऊपर, साब लोग घर पे ही हैं, सुबह दूध लिया." मना वाटलं, बरं झालं, यतीनला उतार पडला, लवकर परत आले. खुशीनं वर आलो. बेल मारली. पुन्ना मारली. आत पंख्याचा आवाज येत व्हता म्हनायचं तर माझे कान तसले, पन दाराच्या फटीतनं पायावर वारा लागत व्हता. मना बोलायचं न्हवतं, न्हायतर तुझ्या नावानं बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. जिन्यात बसलो थोडा वेळ. मंग उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या नि उतरलो.

परत जाताना मनात दुसरं कायच न्हवतं, एकच. माझं काय चुकलं? पान्याचं नातं झालं म्हनून तुला घरचा समजलो, ती चूक? आमच्या हळदीत बेंजो वाजतो, पोरं नाचतात, तुमच्यासारख्यांना लाज वाटत असेल. मंग पयल्यांदाच सांगायचं.

दुभाजकापर्यंत आलो. पुढं पाय उचलला न्हाय. आयुष्यात पयल्यांदा मी त्या गाड्यांकडं बघितलं. केवढ्या रे त्या! नि किती! एक संपली का दुसरी. पाय पोळत व्हते, खाली ठेववत न्हवते, म्हनून दुभाजकावर चढून बसलो. किती वेळ बसलो मना सांगता येनार न्हाय. डोकं गरगरायला लागलं. कोन थांबलं न्हाय. एकानं काच खाली करून फोटो काढला.

चांदणी डबे देऊन येत व्हती, तिनं बघितलं. तिनं कसं घरी आनलं ते तिलाच विचार. तळव्यांना फोड आलेत, रंभा कोरफड लावते. फोडांचं काय न्हाय. पन आता घरात हॉर्न ऐकू आला, म्हंजे मना जो काय ऐकू येतो तो, तरी मी दार लावून घेतो. ओट्यावर पन बसत न्हाय मी.

तू घरात व्हतास. का रे?

पुंडलिक


३ मे

पुंडलिक,

कुणी पुण्याला गेलं नव्हतं. यतीन ठणठणीत आहे. मी खोटं लिहिलं. तू येऊ नयेस म्हणून. आम्ही नाहीच म्हटल्यावर तू रस्त्यात पाय टाकणार नाहीस, एवढा सरळ हिशोब केला होता मी. तुमच्या बंद दाराच्या रीतीचं मला काय माहीत!

लाज कसली रे? तुमच्या घरच्या हळदीत मी यतीनच्या मुंजीपेक्षा जास्त नाचलोय, विसरलास? असलं काही पुन्हा मनात आणलंस तर बघ.

पडदे ओढून, दिवे न लावता आम्ही बसलो होतो. तुला समोरून दिसू नये म्हणून खिडक्याही बंद. उर्मिला दोनदा चक्कर येऊन बसली, मला म्हणाली, हे काय चालवलंय तुम्ही? मग बेल वाजली. दाराच्या भिंगातून बघितलं तर तू. कपाळाला गुलाल, पाय काळे झालेले. उर्मिला कडी काढायला धावली आणि मी तिचा हात धरला. का धरला, देव जाणे. तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. दार उघडलं असतं तर तू पंख्याखाली बसला असतास, पाणी प्यायला असतास, आवतण देऊन झालेलं, मग परत जाताना तुला वाहनात बसायला कोण अडवणार होतं? चांदणीला फोन केला असता, तिने स्कूटरवर मागे बसवून नेलं असतं. एवढं साधं होतं. ते मला तू उतरून गेल्यावर सुचलं. माझ्या अकलेचं असंच, नेहमी मागच्या गाडीने येते.

आता जे लिहितोय ते उर्मिलालाही धड सांगितलेलं नाही. मी पडद्याआडून बघत होतो. तू दुभाजकावर थांबलास ते बघितलं. लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली धावलो, गेटबाहेर रस्त्याच्या कडेला आलो. तू माझ्याकडे पाठ केली नव्हतीस, पण मान खाली घालून बसला होतास. हाका मारल्या. काय पोचणार! एक पाय खाली टाकला, तर एक गाडी अशी गेली की शर्टाची बाही उडाली. मागे आलो. पुन्हा टाकला. पुन्हा मागे. लहान मुलासारखा रडत होतो मी तिथे. मध्ये किती अंतर होतं रे? पण नाही झालं. तू उन्हात बसला होतास आणि मी कडेला उभा होतो. चांदणी आली, तिने स्कूटर सरळ गाड्यांच्या आडवी घातली, मागून हॉर्नचा कल्लोळ, आणि ती पोरगी तुझा दंड धरून तुला उतरवत होती. तुम्ही गल्लीत शिरेपर्यंत मी बघितलं आणि वर आलो. उंबऱ्यावर अक्षता होत्या. त्या ओलांडून घरात कसं जायचं ते कळेना.

आता मी ठरवलंय, आणि उर्मिला कितीही रडली तरी बदलणार नाही. दहा तारखेला मी हळदीला येतोय. चालत. देवळासमोरून, तू आलास त्याच जागेवरून. रिक्षा नाही, हृतिकची गाडी नाही. तू माझ्यासाठी आलास, मी तुझ्यासाठी नाही आलो, हे असंच ठेवून मला मरायचं नाही.

सुभाष


५ मे

सुभाषा,

चांदणी उभी हाय, तिला लगेच परत पाठवतो. लक्ष देऊन वाच.

मी तुला बघितलं व्हतं.

मागच्या कागदात लिवलं न्हाय कारन रागात व्हतो, नि तू आपनहून सांगतोस का बघायचं व्हतं. तू सांगितलंस. आता मी सांगतो. परत जाताना मी नेहमीसारखा तरातरा निघालो व्हतो. दुभाजकावर आलो, मागं वळून तुझ्या बाल्कनीकडं बघितलं, पडदा हलला. मना वाटलं, बघतोय मेला, बघू दे. दम घ्यायला थोडा थांबलो, नि पुढं पाय टाकनार तेवढ्यात तू गेटातनं धावत येताना दिसलास. पायजम्यावर, चष्म्याशिवाय. चष्मा न्हवता ना तुझ्या डोळ्याला? तू पाय खाली टाकलास नि ती पांढरी गाडी गेली. तवा मी जसा हादरलो तसा महिपतच्या वेळंला पन न्हवतो हादरलो.

मना त्या गाड्यांची भीती न्हाय वाटली रे. तुझी वाटली. मी पुढं गेलो असतो तर तू माझ्या मागं धावला असतास. मागं तुझ्याकडं आलो असतो तरी तू पुढं धावला असतास. मी बसलो तर तू तिथंच ऱ्हाशील, असं वाटलं, म्हनून बसलो. मान खाली घातली कारन तुझ्याकडं बघवत न्हवतं. तू पाय टाकतोस, मागं घेतोस, टाकतोस, मागं घेतोस. मी मनात गावदेवीला एकच बोलत व्हतो, त्याला भित्राच ठेव. त्याला आज तरी धीर देऊ नको.

आनि आता तू लिवतोस, चालत येतो.

हृतिक बोलला, सुभाषआजोबांना मी गाडीनं आनतो. आमच्या गल्लीत आता गाडी शिरते का? दोन्ही बाजूंना ज्याची त्याची गाडी उभी. तोंडाशीच उतरावं लागतं, भर रस्त्यात. महिपत तिथंच गेला. मना कालपासनं जेवन जात न्हाय. हळदीच्या दिवशी घरात शंभर मानसं असतील, बेंजो वाजत असेल, नि माझं सगळं ध्यान त्या रस्त्याकडं, की आता आला, आता आला. हृतिकला हळद लावायला माझा हात उचलनार न्हाय. तू माझं काय देनं लागत न्हाय. तू कडेला उभा ऱ्हायलास म्हनून आज कागद लिवायला मना कोन तरी हाय.

रंभा तुमच्या दोघांची हळद वाटीत घालून देईल. लाडू पन देईल. चांदणी आनील.

आमच्या घरात दिलेलं आवतन आजवर कोनी मागं घेतलं न्हाय. बाबानं न्हाय, त्याच्या बाबानं न्हाय. घर बुडतं बोलतात. बुडू दे. माझं आवतन मी मागं घेतो. सुभाष, तू हळदीला येऊ नको.

पुंडलिक